पाच पेढे कमी

"बे साते चौदा," मनोरमाबाई म्हणाल्या.

"कशावरून?" श्यामने विचारलं.

बाईंनी खडू खाली ठेवला. "गुरुवारपर्यंत कशावरून विचारायचं नाही."

"का?"

"तेही शुक्रवारी."

सतरा मुलांनी पाढा पुढे म्हटला. अठरावी विजया गालगुंड होऊन घरी होती, नाहीतर तिनेही विचारलंच असतं. आणि विचारण्याची ही सवय लावली कोणी, तर बाईंनीच. हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या वसाहतीतल्या या बालवाडीत त्या अकरा वर्षं हंगामी होत्या. पाढे शिकवायच्या आधी त्या मुलांना बटणं वेगळी करायला लावत. लाल इकडे का, दोन भोकांचं तिकडे का, ते मुलाने सांगायचं. बरणीत चिंचोके किती असतील याचा अंदाज करायचा आणि मग मोजून स्वतःचीच फजिती पाहायची. उत्तर बरोबर आलं तरी बाई विचारत, "कशावरून?" मुलांना तो शब्द गोळीसारखा आवडे. ती तो घरी नेत.

घरी त्याने अनर्थ होई. विजयाचे वडील काशिनाथ धाबेकर कारखान्यात फिटर. एका रविवारी ते ओव्हरटाइमला म्हणून गेले आणि संध्याकाळी दमून परतले. पाच वर्षांची विजया त्यांच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "बाबा, तुम्ही कारखान्यात नव्हतात. डबा भरलेला आहे आणि बुटांना तेल नाही." धाबेकर अशोका गार्डन वस्तीत मित्राकडे रमी खेळत होते. त्यानंतर दोन दिवस त्यांना घरात चहा मिळाला नाही.

महिन्याभरात कल्याण विभागाकडे पालकांचा अर्ज गेला. बालवाडीत मुलांना दोनचा पाढासुद्धा येत नाही, सबब योग्य ती कार्यवाही व्हावी. खाली अकरा सह्या, सगळ्या वडिलांच्या.

यंदा बाईंचं नाव कायम करण्याच्या यादीत होतं. गुरुवारी सक्सेनासाहेब तपासणीला येणार होते. बालवाडीतली कुसुममावशी म्हणाली, "बाई, चार दिवस पोपट करा पोरांना. साहेब गेले की पुन्हा माणसं करा." बाईंना ते पटलं नाही, पण त्यांनी ते केलं.

गुरुवारी साहेब आले. गोल, हसरे, हातात पेढ्यांचा खोका. मुलांनी बे एके बे पासून बे दाहे वीस पर्यंत न अडखळता म्हटलं. श्यामने 'साते'ला तोंड उघडलं होतं, पण बाईंकडे बघून मिटलं. साहेब खूश झाले. त्यांनी फॉर्म काढला. पाठांतर, स्वच्छता आणि शिस्त असे तीन रकाने होते, आणि कायम होण्याला तिन्हींत 'उत्तम' लागत होतं. पहिल्या दोन्हींत त्यांनी तिथल्या तिथे 'उत्तम' लिहिलं. मग पेन हातात तसंच ठेवून म्हणाले, "अठारह बच्चे, हर एक को दो पेड़े. पूरे छत्तीस लाया हूँ. बाँटो."

पुढच्या रांगेतली वासंती वाटायला उठली. विजयाच्या रिकाम्या जागेवरही ठेवायचे असं ठरलं. पंधरा मुलांपुढे दोन दोन पेढे पडले. श्यामपुढे एकच पडला. त्याच्या शेजारच्या सुमनला एकही नाही, विजयाच्या जागेवरही नाही.

"मला एक कमी, हिला दोन, विजयाला दोन," श्याम बोटं मोजत म्हणाला. "साहब, पाँच कम हैं."

"गिनने में गलती हुई होगी."

मुलांनी पुन्हा मोजले. एकतीस.

साहेब बाईंकडे वळले. "दुकानवाले ने कम दिए होंगे. है ना, मनोरमाजी?"

सतरा तोंडं बाईंकडे वळली. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. कुसुममावशी दाराशी उभी राहून डोळ्यांनी तेच सांगत होती. बाईंनी एकदा फॉर्मकडे पाहिलं.

"श्याम," त्या म्हणाल्या, "तुला काय वाटतं? आणि कशावरून?"

श्याम खोक्यात वाकला. "दुकानवाल्याने बरोबर दिले. कागदावर पेढ्यांचे गोल डाग आहेत. मोजा, छत्तीस. म्हणजे पाच होते, मग गेले." त्याने मान वर केली आणि साहेबांकडे जरा वेळ पाहिलं. "आणि साहेबांच्या मिशीला लागलंय."

ते हिंदीत सांगायची गरज पडली नाही. साहेबांचा हात आपोआप मिशीकडे गेला. बाहेर जीपला टेकलेला ड्रायव्हर एकदम चाकाची हवा बघायला खाली बसला.

"शुगर है मुझे," साहेब हळू आवाजात म्हणाले. "घर में मनाही है. रास्ते में... मुझे लगा चार ही खाए."

"पाँच," तीन मुलं एकदम म्हणाली.

आता एकतीस पेढे अठरा जणांना कसे वाटायचे हा प्रश्न उरला. पाढा त्याला पुरेना. मुलांनी सगळे पेढे परत खोक्यात टाकले, एकेक वाटला, तेरा उरले. भांडण झालं. मग सुमनने अर्धे करायला सुचवलं. अर्धा अर्धा वाटल्यावर चार उरले. एक बाईंना, एक कुसुममावशीला, एक ड्रायव्हरला. चौथा वासंतीने साहेबांपुढे धरला, तर श्याम म्हणाला, "इनका हो गया." तो गणपतीच्या तसबिरीपुढे ठेवला. साहेब गेल्यावर तिथे दिसला नाही, पण बाईंनी चौकशी केली नाही.

जाण्यापूर्वी साहेबांनी तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवलं. "मेहमान से बच्चे ऐसे बात करें, तो अनुशासन में क्या लिखूँ?"

"जो देखा वही लिखिए, साहब."

साहेबांनी मिशी पुन्हा एकदा पुसली. मग 'साधारण' लिहिलं आणि म्हणाले, "अगले साल फिर देखेंगे." ते वाईट माणूस नव्हते. फॉर्मवरची शाई वाळेपर्यंत फुंकर मारत उभे राहिले.

संध्याकाळी बाई विजयाचा दीड पेढा पुडीत घेऊन इंद्रपुरीला तिच्या घरी निघाल्या. अर्धं मिनिट गप्प बसले असते तर, असं त्यांना रस्ताभर वाटत राहिलं. मग श्यामचा खोक्यात वाकलेला चेहरा आठवला आणि भर रस्त्यात हसू आलं.

दार काशिनाथ धाबेकरांनी उघडलं. गालाला फडकं बांधलेल्या विजयाने दीडच का, हे विचारलं. बाईंनी सगळी हकीकत सांगितली. विजया फडक्यातूनच हसली, तिला कळ आली, तरी पुन्हा हसली. तिच्या आईने चहा आणून ठेवला. धाबेकर मात्र हसले नाहीत.

"बाई," ते खाली बघत म्हणाले, "अर्जावर पहिली सही माझी होती."

"माहीत आहे. अर्जही तुमच्याच हातचा होता. अक्षर सुरेख आहे तुमचं."

धाबेकरांनी बशी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"बाई, तुम्ही कायम झालात?" विजयाने विचारलं. घरात चाललेलं बोलणं तिने ऐकलं असावं.

"नाही."

"मग उद्यापासून येणार नाही?"

"येणार ना. रोज येणार."

"पुढच्या वर्षी?"

"तेव्हाही येईन."

विजयाने अर्धा पेढा हातात धरून थोडा विचार केला.

"मग कायम म्हणजे काय?"

बाईंनी बशी पुन्हा धाबेकरांपुढे सरकवली. बशीतल्या चहावर साय धरायला लागली होती.