आतड्याच्या प्रश्नाचे नवे उत्तर

मित्रांनो, मी एक जुना प्रश्नसंच आहे. कागदावरचा नव्हे, इंटरनेटवरचा. सर्जन होण्याची परीक्षा देणारे डॉक्टर माझ्याकडे उजळणीला येतात.

माझा जन्म एका सर्जनच्या जेवणाच्या टेबलावर झाला. सरांच्या बोटांना कंप सुटू लागला, तेव्हा त्यांनी आपणहून ऑपरेशने सोडली. घरात ते गप्प गप्प राहू लागले. एक दिवस त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, हात थकलेत, डोकं नाही थकलं. तुम्ही सांगा, मी टाइप करते." सर सांगत गेले, ती टाइप करत गेली आणि मी आकाराला आलो.

पुष्कळ डॉक्टर माझ्याकडे आले, शिकले, पुढे गेले. एक बाई मात्र माझ्या मनात घर करून राहिल्या. दोनदा नापास झालेल्या, पदरात तान्हे बाळ आणि ही परीक्षेची शेवटची संधी. त्या कामावरून आल्या की बाळ त्यांना सोडत नसे. मग त्यांच्या सासूबाई चष्मा लावून माझे प्रश्न मोबाइलवरून त्यांना मोठ्याने वाचून दाखवत. अवघड शब्दांपाशी त्यांची जीभ अडखळे.

"अगं, हा शब्द आहे की मालगाडी?"

"पुढचं वाचा, आई. कळलं मला."

"आधी उत्तर दे. चुकलीस तर भांडी तुझ्याकडे."

अशी माझी किती पारायणे झाली! निकाल लागला तेव्हा बाईंनी माझ्या पानावरचा नंबर पाहून सरांना फोन लावला. पण सासूबाईंनीच तो त्यांच्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "पास झालो आम्ही."

पुढे व्हिडिओंनी सजलेले नवे प्रश्नसंच आले. सर थकले, मुलगी नोकरीत गुंतली. वैद्यकशास्त्र पुढे गेले आणि मी जागच्या जागी राहिलो.

त्या बाई आता रुग्णालयात शिकवत होत्या. आतड्याचे ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना बाईंच्या विद्यार्थिनीने कित्येक दिवस उपाशी ठेवायला सांगितले. "हे कुठे वाचलंस?" बाईंनी विचारले. तिने माझेच नाव घेतले. आजोबांची प्रकृती ठीक होती. हल्ली अशा रुग्णाला लवकर खायला देतात, म्हणून बाईंनी त्यांना लगेच थोडे थोडे पातळ अन्न सुरू केले. माझे मात्र दिवस भरले, असे मला वाटले.

पण बाई थेट सरांच्या घरी गेल्या. "सर, एक उत्तर जुनं झालंय," त्या चाचरत म्हणाल्या.

सरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. "माझ्या वेळी तेच बरोबर होतं," ते म्हणाले. "आता नसेल तर खोडा. रुग्णापेक्षा माझा शब्द मोठा आहे का?" मग खुर्ची जवळ ओढून ते हळूच म्हणाले, "नवीन काय आलंय, ते मला नीट समजावून सांगा."

बाई सांगू लागल्या आणि सर विद्यार्थ्यासारखे ऐकू लागले. आता बाई आणि त्यांची ती विद्यार्थिनी मिळून माझे एकेक उत्तर तपासतात. डॉक्टर पुन्हा माझ्याकडे येऊ लागले आहेत. या सगळ्यांचे उपकार मी कसे फेडू?

मित्रांनो, ज्याच्याकडून तुम्ही शिकलात, त्याचे कधी चुकले तर त्याला हसू नका, त्याच्याकडे पाठही फिरवू नका. जवळ बसून त्याला सांगा. मला असे सांगणारे भेटले, म्हणून मी अजून कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहे.