चारी जुंपलेली जीप

न्यूट्रल

"गियर टाक म्हंतोय ना!"

"टाकलाय की मालक."

"मग हलना का गाडी?"

"ते तिलाच इचारा."

भैरूचं काही चुकलं नव्हतं. इंजिन चालू होतं, धूर निघत होता, आवाज तर असा की खळ्यातल्या कोंबड्या कडब्याच्या गंजीवर जाऊन बसल्या होत्या. चाकं मात्र जागची हलत नव्हती. चांगला जेवतो, ढेकर देतो आणि कामाला म्हणून उठत नाही, अशा गड्यासारखी जीप चैत्राच्या उन्हात बसून होती.

दौलतराव बाजूच्या आसनावर ताठ बसले होते. गाडी हलत नसली तरी उतरायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. चाकणजवळच्या त्या वाडीतले निम्मे लोक कुंपणाला रेलून बघत होते.

सारजाबाई रिकामी पाटी घेऊन दारात आल्या. "भैरू, ह्यास्नी सांग, चुलीला गवऱ्या न्हाईत. बैल हुते तवा शेण तरी पडायचं दारात. आता काय धूर थापू भिंतीला?"

नवरा हातभर अंतरावर होता, पण बैल विकल्यापासून त्या सगळं भैरूमार्फत बोलायच्या.

"मालक, मालकीण म्हंत्यात—"

"ऐकलं मी! तू गियर टाक."

रिव्हर्स

जरा मागं घ्यावं लागेल.

लढाई संपली, गोरे गेले आणि त्यांच्या जीपा लिलावात निघाल्या. दौलतराव बघायला म्हणून गेले आणि घेऊन आले. त्यासाठी हरण्या-पाखऱ्या ही बैलजोडी वाडीतल्याच मारुतरावांना विकली. शर्यतीच्या घाटात बारी लागली की सगळ्यांच्या पुढं, फळीफोड पळणारी जोडी! भैरू जन्माचा गाडीवान, त्याच्या हातातला कासरा गेला आणि चाक आलं. आठवडाभर तो जीप थांबवताना "हो हो हो" करायचा. थांबायची नाही. एकदा मारुतीच्या पाराला धडकून थांबली.

एवढ्यावर भागलं असतं, पण कुसुमच्या लग्नात दौलतराव भर मांडवात बोलून गेले, "माझी लेक हितनं पुढं बैलगाडीत बसायची न्हाई!"

चऱ्होलीचे उद्धवराव म्हणजे कुसुमचे सासरे. माणूस तसा वाईट नव्हता, फक्त शब्दाला चिकटणारा होता. दिवाळीत जीपचं टायर बसलं, म्हणून भैरू उसनी बैलगाडी घेऊन कुसुमला आणायला गेला. उद्धवरावांनी त्याला गूळपाणी दिलं, बैलांना वैरण घातली आणि रिकामी गाडी माघारी धाडली. "तुमच्या मालकाचा शब्द हाय, आमी कसा मोडावा? जीप दारात येऊ द्या, त्याच घडीला सून पाठवतो."

कुसुम गाठोडं बांधून दाराआड उभी होती. भैरूनं ते बघितलं. ह्याच पोरीला त्यानं कडब्याच्या गाडीत झोपवून रानातनं आणलं होतं. घरी येऊन त्यानं सारजाबाईंना गाठोड्याचं सांगितलं नाही. तेवढं मात्र त्याच्या पोटात राहिलं.

आता भैरोबाची जत्रा परवावर आली होती, कुसुमला जत्रेला आणायचं होतं. आणि जीप न्यूट्रल.

पहिला

ज्योतीराम चाकणच्या फाट्यावर लिंबाखाली दुकान मांडून बसायचा. पलटणीत फिटर होता, त्याला वाडीवर बोलावून आणलं. त्यानं टोपी काढली, जीपला एक फेरी मारली आणि जाहीर केलं, "क्लच गया."

"न बघताच?"

"मैं आवाजावरून सांगतो, रावसाब. पलटणीत मला डागदर म्हणायचे."

मग तो खाली सरकला. भैरूनं गियर टाकून क्लच सोडला. इंजिनाकडून येणारा जोर वाटून देणाऱ्या दोन लांब नळ्या असतात, एक पुढच्या चाकांना, एक मागच्या. दोन्ही निपचित. ज्योतीरामनं मधल्या पेटीचं मागचं गोल झाकण खोललं.

"फिरव."

आतलं चाक गरगर फिरलं.

"मी म्हटलंच होतं," ज्योतीराम खालूनच ओरडला, "क्लच न्हाई!"

कुंपणावरचे लोक हसले. ज्योतीरामला त्याचं काही नव्हतं. "बघा रावसाब. इंजिन हे सरकार. गियरबॉक्स मामलेदार. तिथपतूर हुकूम बरोबर येतोय. पण चाकं म्हंजी रयत, आन मधी ही ट्रान्सफरची पेटी बसलीय, ह्यो तलाठी. तलाठ्यानंच कागद दाबला, तर रयतेला कळायचं कसं?"

त्यानं बूच काढलं. घमेल्यात काळं तेल पडलं आणि त्यात चांदीचा वर्ख मिसळल्यासारखी चमक दिसली. सारजाबाईंनी पुढं वाकून बघितलं.

"भैरू, इचार, हे काय चमकतंय?"

"दात हायेत, मावशी," ज्योतीराम म्हणाला. "पीठ झालंय त्यांचं." खालचं झाकण निघालं तेव्हा मधलं चाक दिसलं. एक दात शाबूत असेल तर शप्पथ. म्हातारीचं बोळकं बरं.

ज्योतीराम बाहेर आला, फडक्याला हात पुसले आणि गियरच्या मोठ्या दांड्याशेजारच्या बारक्या दांड्याकडं बोट केलं. "ह्यो पुढची चाकं जुंपायचा. कुठं ठेवता?"

"मागंच," भैरू म्हणाला. "कायम ओढलेला. चारी जुंपून."

"सडकंवर पण?"

"मग? दोन बैल जुंपायचे आन दोन गाडीमागं बांधून मिरवत न्यायचे व्हय?"

कुंपणावरच्या माना हलल्या. रास्त होतं. दौलतरावही म्हणाले, "मीच सांगितलंय. चार चाकं घेतली, तर दोघांस्नी फुकट का हिंडवायचं? आळशी हुत्यात."

ज्योतीरामनं कपाळावर हात मारला. तेलाचा पंजा उमटला. "अरं, वळणावर पुढची जादा चालत्यात, मागची कमी. चिखलात, वाळूत जरा घसरून भागवून घेत्यात. कडक सडकंवर घसरायचं कुठं? मग पुढची मागच्यांस्नी ओढत्यात, मागची पुढच्यांस्नी, आन मधला फाटतो! बैलाला अक्कल आसती, जू टोचलं की तो सरकतो. लोखंड कवा सरकंल?"

मग सारजाबाई म्हणाल्या, "भैरू, ह्यास्नी सांग, दोघं येकमेकाला वढत असली की मधल्याचं काय हुतं, ते तुला इचारा म्हणावं."

भैरूनं हा निरोप पोचवला नाही.

दुसरी पेटी देहूरोडच्या भंगारात मिळाली. आणायला गाडी मारुतरावांची आणि बैल हरण्या-पाखऱ्या. येताना जोडीनं मारुतरावांच्या घराकडं मानच वळवली नाही. सरळ जुन्या गोठ्यात शिरली, पेटीसकट. ज्योतीराम पेटी बसवत होता तोवर दौलतराव गोठ्यात हरण्याची मान खाजवत बसले होते. सारजाबाईंनी दोन पाट्या शेण भरून घेतलं.

दुसरा

हलली!

टॉप

निघायच्या आधी दौलतरावांनी बारका दांडा पुढं सारला, सुतळीनं करकचून बांधला आणि भैरूला भैरोबासमोर उभं केलं. "ह्याला हात लावणार न्हाई म्हण."

"आवं, पर चिखलात—"

"म्हण!"

भैरूनं शपथ घेतली.

आळंदीच्या पुलावरनं जीप चऱ्होलीत गेली आणि उद्धवरावांच्या दारात उभी राहिली. शब्द म्हणजे शब्द. ओटी भरली, गाठोडं आलं, कुसुम मागं बसली. पण उद्धवरावांनी जीपच्या नाकावर थाप मारली. "इवाई, माघारी पुलाचा फेरा कशापायी? नदीच्या उतारातनं न्या की. जीप डोंगर चढती म्हणं!"

"डोंगर? आवं, भिंत चढती!" दौलतराव म्हणाले. भैरूनं डोळे मिटले.

"ठरलं मग. आमी काठापतूर येतो पोचवाय. रुतली, तर सून आमच्या गाडीत बसून घरला. आन पुढल्या जत्रंला बघू."

इंद्रायणीला घोटाभर पाणी होतं, पण खाली भुसभुशीत वाळू. मध्यावर जीपची मागची चाकं गरगरली आणि कुल्ल्यापर्यंत खाली गेली. काठावर उद्धवरावांनी गड्याला सांगितलं, "जुंप रं."

"मालक, दांडा—"

"न्हाई! परत दात पाडायचेत व्हय?" दौलतराव धोतर खोचून पाण्यात उतरले आणि मागून जीपला खांदा लावला. "दाब!"

भैरू दाबत होता, जीप रुतत होती. मागच्या काठावरून बैलांच्या घुंगरांचा आवाज यायला लागला.

"भैरूकाका," मागून कुसुम हळूच म्हणाली. तिच्या मांडीवर तेच दिवाळीचं गाठोडं होतं. "तुमी त्या बांधलेल्या काडीकडं सारखं का बघताय?"

"तिला हात लावायची मला शपथ हाय, पोरी. भैरोबाची."

"मला न्हाई ना?"

भैरूनं क्लच दाबून धरला आणि मान जरा मागं हलवली. कुसुम पुढं वाकली, सुतळीची गाठ दातानं तोडली आणि दांडा मागं ओढला. खट्ट झालं. तो आवाज झाकायला भैरूला मोठा खोकला आला.

क्लच सुटला. पुढच्या चाकांनी वाळू धरली आणि जीप म्हशीसारखी अंग झाडत पाण्यातनं वर निघाली. पलीकडच्या काठावर जाऊनच थांबली.

दौलतराव मात्र जिथं खांदा लावला होता तिथंच, तोंडावर पडले होते. उठले तेव्हा मिशांतून वाळू गळत होती. धावत जीपपाशी आले, मागच्या काठावरच्या व्याह्यांकडं वळले आणि गरजले, "बघितलं का इवाई? दोन चाकं जीपची आन दोन पाय माझे! झाले का न्हाई चार?"

उद्धवरावांनी पलीकडून फेटा हलवला. बैल सोडा म्हणून खूण केली.

सडक लागली. पहिल्याच वळणावर चाक जड झालं. भैरूच्या हाताला कळलं, मधल्या पेटीत भांडण सुरू झालंय. पण शेजारी मालक, दांडा त्यांच्या गुडघ्याजवळ. सुतळी तेवढी कुसुमनं वरून नुसती गुंडाळली होती. भैरू खोकला. पुन्हा खोकला.

"आबा!" कुसुम एकदम ओरडली. "त्यो बघा, हरण्या!"

"कुठंय?" दौलतराव अर्धे बाहेर वाकले.

मागून कुसुमनं दांडा पुढं ढकलला. खट्ट. चाक हलकं झालं.

"त्या आंब्याखाली हुता. गेला वाटतं."

दौलतराव बराच वेळ त्या आंब्याकडं बघत राहिले. आंबा मागं पडला, शिवार पडलं, तरी मान वळलेलीच.

"हरण्या न्हवता त्यो," शेवटी ते म्हणाले. "हरण्यानं माझ्याकडं वळून बघितलं असतं."

त्यानंतर भैरूनं चाकण येईपर्यंत एकदाही खोटा खोकला काढला नाही.