बाबांचा पंप

“थांब, अजून मऊ लागतोय,” बॉनेटमध्ये वाकलेले बाबा म्हणाले. “घाई असेल तर रिक्षानं जा.”

भूषण किल्लीवर हात ठेवून बसला होता. मी आमच्या लेकीला, मैत्रीला, कडेवर घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होते. आमच्या जुन्या पिकअपचं डिझेल रात्रीतून पाइपांमधून मागे टाकीत उतरायचं. मग सकाळी इंजिनाजवळचा रबरी हातपंप दाबून दाबून ते पुन्हा वर आणावं लागे. पाइप बदलले, वॉशर बदलले, फरक नाही.

एका डोळ्याची नजर गेली तसं बाबांचं, माझ्या सासऱ्यांचं, स्टिअरिंग सुटलं. आता माझा नवरा भूषणच ही गाडी चालवतो. विश्रांतवाडीहून खराडीच्या ऑफिसांना भाड्यानं द्यायच्या झाडांच्या कुंड्या पोचवतो. हातपंप मात्र बाबांचा. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खाली उतरत. पंप दगडासारखा घट्ट झाला, की म्हणत, “मार सेल्फ.”

त्या सकाळीही गाडी सुरू झाली. बाबांनी फडक्याला हात पुसले आणि कुणी पाहिलं का, ते पाहिलं. मी पाहत होते. मी सगळंच पाहते. मैत्री झाल्यापासून तर जास्तच.

त्याच दुपारी मैत्रीला ताप चढला. भूषण जेवायला घरी आला होता, म्हणून पिकअपनंच दवाखान्यात निघालो, आणि आळंदी रोडच्या सिग्नलला गाडी बंद पडली. पाइपात हवा शिरली होती. भूषण बॉनेट उघडून पंप दाबतोय, मागे हॉर्नवर हॉर्न, माझ्या मांडीवर पोर भाजून निघालेली. शेजारी एक स्कूटरवाल्या काकू थांबल्या.

“अहो, इथंच संसार मांडताय का?”

मला रडू फुटलं.

औषधानं मैत्रीचा ताप उतरला. माझा नाही उतरला. “टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसव,” मी भूषणला सांगितलं. “नाहीतर मैत्रीला घेऊन मी या गाडीत पाऊल ठेवणार नाही.”

“बघू.”

हे ‘बघू’ मी दिवाळीपासून ऐकत होते. चिक्कूपणा, दुसरं काय, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

रविवारी मैत्रीला शेजारच्या वासंतीकाकूंकडे ठेवलं आणि भूषणला सुदर्शनच्या गॅरेजवर नेलंच. बाबाही निघाले. गाडीचं काही असलं की त्यांना बोलवावं लागत नाही.

सुदर्शननं फळीवरून एक खोकं काढलं. “हा घ्या वहिनी तुमचा पंप. भूषणनं दिवाळीतच आणून ठेवलाय. म्हटलं, पूजेला ठेवायचाय की काय!”

भूषण चपलांकडे बघायला लागला. मी त्याला बाजूला घेतलं.

“मग बसवला का नाहीस?”

“बाबा काय करतील गं सकाळी?” तो हळूच म्हणाला.

हळूच, पण बाबांच्या कानांना काही झालेलं नव्हतं. ते बाकावरून उठले.

“पोरगी तापानं फणफणलेली, गाडी चौकात उभी, आणि साहेब माझी सोय बघतायत.” मग सुदर्शनकडे वळून म्हणाले, “बसव रे. मलाही जरा झोपायला मिळेल.”

आवाज नेहमीसारखाच तिरका. पण मग चहा आला, तो त्यांनी तसाच हातात धरून ठेवला. साय धरली तरी प्यायले नाहीत.

सोमवारी मला वाटलं, आज ते उतरणार नाहीत. उतरले. इस्त्रीचा शर्ट, ओले केस नीट विंचरलेले.

भूषणनं किल्ली फिरवली. टाकीपाशी बारीक टिकटिक झाली आणि इंजिन एका दमात सुरू झालं. बॉनेट बंदच. मला हवं होतं ते झालं होतं, आणि मला बाबांकडे बघवेना.

ते क्षणभर गाडीसमोर उभे राहिले. मग वळसा घालून मागे गेले, पार रस्त्याच्या मधोमध.

पुढची गल्ली मोकळी होती. गाडी सरळ निघाली असती. भूषणनं आरशात पाहिलं आणि रिव्हर्स टाकला.

“येऊ दे,” बाबांनी हात हलवला. “येऊ दे... येऊ दे... डावीकडे घे थोडी...”

मागून एक स्कूटरवाला आला. बाबांनी तळहात उभा करून त्याला अडवलं. पाय टेकवून तो थांबला.