बिनखिम्याचा थर

"मामी, हे आम्हाला वाढलंय की गोठ्यात टाकायचं होतं?"

पोटामुळे ढोल हे नाव पडलेल्या ड्रायव्हरने ताटली नाकाशी धरली, हुंगली आणि पुन्हा टेबलावर आदळली. मागच्या तीन टेबलांवर हशा पिकला.

मामी वाढपाच्या खिडकीत उभी होती. ताटलीत काय बिघडलंय ते तिला ढोलपेक्षा जास्त कळत होतं. वांग्याच्या कापांनी पाणी सोडलं होतं, त्या पाण्यात मशरूमचे तुकडे तरंगत होते आणि वरचा पांढरा सॉस एका कडेला सरकून सुरकुतलेल्या चादरीसारखा गोळा झाला होता.

"गपगुमान खा," ती म्हणाली. "तुमच्याच साखरेपायी चाललंय हे सगळं."

"बघा! निम्म्या डेपोची साखर माझ्या एकट्याच्या नावावर!"

"पोटही निम्म्या डेपोचं तुझ्याच नावावर आहे," कुणीतरी मागून म्हणालं आणि पुन्हा हशा झाला. ढोलही हसला. पण ताटली त्याने तशीच परत केली. त्या दिवशी एकशे दहा ताटल्या परत आल्या आणि मामीने त्या एकेक करून बादलीत रिकाम्या केल्या.

बसच्या डेपोचं ते कँटीन. वर्षाच्या तपासणीत डेपोतले एक्काहत्तर ड्रायव्हर नापास झाले होते. कुणाची साखर, कुणाचं वजन, कुणाचा दाब. नापास झालेल्याला स्टिअरिंगवर बसू देत नसत. ढोल दोन महिने फाटकावर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे नंबर वहीत लिहीत होता. बावीस वर्षं बस चालवलेला माणूस, त्याला आता समोरून जाणाऱ्या प्रत्येक बसचा गिअर चुकीचा पडल्यासारखा वाटायचा आणि तो तसं ओरडून सांगायचाही.

वरच्या कार्यालयाने मग एका आरोग्य कंपनीशी करार केला. कंपनीने पहिलं बोट ठेवलं ते गुरुवारच्या थरावर.

थर म्हणजे या कँटीनची शान. मैद्याच्या रुंद पात्या, त्यांच्यामध्ये मटणाचा खिमा, त्यावर लोण्यादुधाचा पांढरा सॉस, असे चार मजले रचून भट्टीत भाजायचे, वरचा पापुद्रा तांबूस होईपर्यंत. मामीच्या नवऱ्याने तो सुरू केला. त्याला सगळे मामा म्हणायचे. अकरा वर्षांपूर्वी मामा गेले, तेव्हा तेरावा दिवस उलटायच्या आत तिने त्यांचा झारा हातात घेतला आणि झाऱ्याबरोबर नावही तिच्याकडे आलं. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं. तिथे ते कुणी मोठ्याने वाचत नसे. गुरुवारी सुट्टी असलेले ड्रायव्हरसुद्धा थर खायला डेपोत यायचे, एवढं तिला पुरत होतं.

डेपो मॅनेजर साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं होतं, "महिनाभर बघू मामी. नवीन जेवण ड्रायव्हरांनी खाल्लं तर कँटीन चालू. नाही खाल्लं तर वरचे लोक बाहेरून डबे मागवणार. मग माझ्या हातात काही नाही."

नवीन जेवणाचे नियम घेऊन आली ती कंपनीची आहारतज्ज्ञ. पंचविशीची पोरगी, पाठीवरच्या पिशवीत वजनकाटा. आल्या दिवशी तिने आधी ड्रायव्हरांची वजनं केली आणि मग भाज्यांची, तेव्हा दुपारपर्यंत तिचं नाव वजनबाई पडलं.

"मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणी नाही," तिने वाचून दाखवलं. "मैदा नाही, गहू नाही, तांदूळ नाही. कुठलंच धान्य नाही."

"मग थरात राहिलं काय?"

"थर," वजनबाई म्हणाली आणि स्वतःच ओशाळली.

मामीला हसू आलं. पोरगी वाईट नव्हती. "मसूर धान्यात धरतेस की डाळीत?"

"डाळीत. चालेल."

"चला, एक तरी वाचलं."

पहिला गुरुवार बादलीत गेला. त्या संध्याकाळी मामी घरी न जाता भट्टीपाशी बसून राहिली. साहेबांची भीती होतीच. पण त्याहून जास्त टोचत होतं ते हे, की तिच्या हातून पाणी सुटलेला पदार्थ बाहेर गेला होता. मामांच्या हाताखाली उमेदवारी करतानासुद्धा असं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने वांग्याचे लांब पातळ काप काढले, मीठ चोळून तासभर ठेवले, मग फडक्यात बांधून वर पाण्याची भरलेली कळशी ठेवली. निथळलेले काप कोरड्या पत्र्यावर भट्टीत भाजून घेतले. ते चामड्यासारखे लवचीक झाले. पातीचा प्रश्न सुटला.

खिम्याला वेळ लागला. मशरूम यंत्रात बारीक केले की त्यांचा चिखल व्हायचा. तिने ते सुरीने कापायला घेतले. रुंद कढईत थोड्या तेलावर पसरले आणि वजनबाईचा हात धरून तिला झाऱ्यापासून लांब ठेवलं.

"हलवायचं नाही?"

"अजिबात नाही. ऐक फक्त. आता रडतायत, पाणी सोडतायत. मग गप्प होतील. मग तडतडायला लागतील. तडतडले की मसूर टाकायची."

वजनबाई हातातलं घड्याळ बघत होती. "पण किती मिनिटं?"

"ते मला काय ठाऊक? आवाज बदलेपर्यंत."

"मामी, आवाज लिहिता येत नाही मला."

मग दोघींनी मोजलं. मामी कान देऊन उभी राहायची, बोट वर करायची आणि वजनबाई आकडा टिपायची. मधली आच, एकोणीस मिनिटं. तीनदा केलं, तीनदा एकोणीस आले. मामीला गंमत वाटली. म्हणजे आपला कान एकोणीस मिनिटं मोजत होता तर!

सॉसला उकडलेला फ्लॉवर आणि भिजवलेले काजू वाटले. वजनबाईने एक भाग काजूला चार भाग फ्लॉवर असं प्रमाण सांगितलं, मामीने चाखून एकाला पाच केलं. चिमूट, पसा, ओंजळ, सगळं काट्यावर चढलं. मामीची चिमूट दर वेळी अडीच ग्रॅम भरायची. वजनबाईने काटा बंद करून पुन्हा सुरू केला, तरी अडीचच.

"तुमच्या बोटांत काटा आहे," ती म्हणाली. मामीने ते नंतर ढोलला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या गुरुवारी साठ ताटल्या परत आल्या, तिसऱ्या गुरुवारी बारा. चौथ्या गुरुवारी थर सुरीखाली चोख कापला गेला, चारही मजले उभे राहिले. ढोलने पहिला घास घेतला, थांबला, दुसरा घेतला.

"मामी, खरं सांगा. कंपनीला चकवून खिमा घातलात ना?"

"तुझ्या गळ्याशपथ, नाही."

"माझ्या गळ्याची का, तुमच्या गळ्याची घ्या!" असं म्हणत त्याने ताटली पुढे केली. "अजून एक."

त्या दिवशी एकही ताटली परत आली नाही. साहेब स्वतः खाली येऊन जेवले आणि वजनबाईने तिथेच टेबलावर बसून कृतीचं कार्ड पुरं केलं. मामीला वाचायला दिलं. मामी भांडी घासायला लागली होती. तिने ओल्या हातांनी ते कडेला धरून वाचलं, मान हलवली, परत दिलं. पोरगी निघून गेल्यावर पाच मिनिटांनी तिचा हात कढईवर थांबला.

ती तशीच पदराला हात पुसत धावली. वजनबाई फाटकाबाहेर बसच्या रांगेत उभी होती.

"अगं थांब! मीठ चुकलंय तुझं."

"नव्वद ग्रॅम. मीच मोजलं होतं."

"नव्वद चोळलं. पण पोटात किती गेलं? निम्म्याहून जास्त पाण्याबरोबर पिळून गेलं की! तू नुसतं नव्वद लिहिलंस. परका माणूस ते सगळं आतच घालेल. पहिल्या घासाला तोंड वाकडं होईल लोकांचं."

वजनबाईने कार्डाकडे पाहिलं, मग मामीकडे. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं. बस आली, रांग पुढे सरकली, आणि ती म्हणाली, "उद्या बघू ना मामी. एवढी काय घाई?"

"उद्या नाही. चुकीचं लिहिलेलं मी रात्रभर ठेवणार नाही."

त्या परत आल्या. पुन्हा पाच किलो वांगी कापली, चोळली, पिळली. निघालेलं पाणी मामीने कढईत आटवलं आणि तळाशी राहिलेलं मीठ खरवडून काट्यावर ठेवलं. बावन्न ग्रॅम. नव्वदातून बावन्न गेले. कार्डावर दोन ओळी वाढल्या, पिळण्याच्या आधीची आणि नंतरची. आता ते कार्ड कुणाच्याही हातात दिलं तरी चुकणार नव्हतं. मामी समाधानाने घरी गेली.

अठरा दिवसांनी साहेबांनी पुन्हा बोलावलं. खुर्ची पुढे केली, तशी ती तिच्या कडेला टेकली.

"वर सगळे खूश आहेत मामी. आठही डेपोंना हाच थर द्यायचं ठरलंय. कंपनीचं मोठं स्वयंपाकघर आहे, तिथे करायचा, गोठवायचा आणि गाडीने पाठवायचा."

"मी तिकडे जायचं का?"

"तिकडे माणसं आहेत, यंत्रं आहेत. शिवाय कार्ड आहे." साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं. "तुम्ही इथेच. आलेले ट्रे गरम करायचे, वाढायचे. पगाराला हात लावलेला नाही."

"तुम्ही म्हणाला होतात, त्यांनी खाल्लं तर कँटीन चालू."

"चालूच आहे की. खिडकी कुठे बंद केली?"

ती उठली. दारात वजनबाई फाइल घेऊन उभी होती. ती मामीच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली.

"मामी, मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"कधी?" मामीने विचारलं. "मीठ मोजायच्या आधी की नंतर?"

पोरीचे डोळे भरले. मामीने ते पाहिलं आणि जिना उतरली.

पुढच्या सोमवारी चार माणसं आली आणि भट्टी घेऊन गेली. कढया, पत्रे, सुऱ्या, मांडणी, सगळं यादी करून नेलं. त्या जागी दोन पांढरी कपाटं लागली. एक थंड, एक गरम. गरमाला एकच बटण होतं.

गुरुवारी गाडी आली. ट्रे चंदेरी कागदाने बंद होते. वर चिठ्ठी होती, 'कृती क्रमांक १४'. खाली कंपनीचा शिक्का. मामीने बटण दाबलं, कपाटाने शिट्टी दिल्यावर पहिला ट्रे बाहेर काढला, कागद सोलला आणि चमचाभर तोंडात घातला.

बिघडलेलाच असणार, अशी तिची खात्री होती. गेले चार दिवस ती त्याच भरवशावर होती. पाणी सुटेल, मशरूमचा चिखल होईल, मीठ तर नक्की चुकेल. मग ढोल ताटली आपटेल, बाकीचे ओरडतील आणि साहेबांना वर फोन करावा लागेल.

पाणी सुटलं नव्हतं. काप लवचीक होते. मशरूम बरोबर एकोणीस मिनिटांनी तडतडलेले होते. मीठ बेताचं होतं.

तिने तो घास गिळला आणि खिडकी उघडली.

ढोल रांगेत पहिला होता, गणवेशात. कालच त्याला पास केलं होतं, वजन नऊ किलो उतरलं होतं, सकाळपासून दोन फेऱ्या मारून आला होता. दोन घास खाऊन तो तिथूनच ओरडला, "मामी, आजचा तर एक नंबर! आता खरा हात बसला बघा तुमचा!"

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. कुणीतरी टेबल वाजवलं.

"गरम आहे," मामी म्हणाली. "सावकाश खा."

दोनपर्यंत सगळे जेवून गेले. ट्रे फेकायचे होते, ताटल्याही कागदाच्या होत्या, त्या त्यांनी स्वतःच जाताना पिंपात टाकल्या. घासायला काही नव्हतं. मामीने चव घेतलेला तेवढा एक चमचा उष्टा होता. तिने तो नळाखाली धरला, सावकाश घासला, पदराने कोरडा केला. मग ठेवायला वळली. मांडणी नव्हती. ती चमचा हातात धरून दोन पांढऱ्या कपाटांच्या मध्ये उभी राहिली, आणि फाटकातून बाहेर पडताना ढोलने दिलेला लांबलचक हॉर्न ऐकू आला.