एका माणसाला एकच आई

आकानेसी चौदा वर्षांपूर्वी वारली, असं संगणकाने जाहीर केलं तेव्हा ती त्याच्यासमोरच बसून केके, म्हणजे पिठाचे तळलेले गोड गोळे, खात होती.

"मग हे कोण खातंय?" तिने शांतपणे विचारलं.

मागे बसलेल्या विणकर बायका हसून लोटपोट झाल्या. संगणक चालवणारी लोसालीने मात्र हसली नाही.

टोंगातल्या वावाउ बेटावरच्या चटयांचा ज्ञान-आराखडा ती वर्षभर बांधत होती. कुठली चटई कोणी विणली, कुणाच्या लग्नात कुणाकडे गेली, कुणाच्या मयतीला कुठे पोचली, याची ती नुसती यादी नव्हती. नाती आणि नियम माणसाने मांडायचे, आणि कोणी न सांगितलेलं यंत्राने ताडायचं. आज त्याची चाचणी होती. आपल्या घरच्या चटयांच्या हकिगती या यंत्राच्या हवाली करायच्या की नाहीत, ते बायका शनिवारी ठरवणार होत्या. त्यांच्यात शब्द चालायचा आकानेसीचा, आणि आकानेसी ही लोसालीनेची आई.

जन्म दिला होता सेइनीने, आकानेसीच्या थोरल्या बहिणीने. पण टोंगात आईची बहीण आईच असते. माय मरो, मावशी उरो, असं म्हणणाऱ्या आपल्याला दोघींसाठी निदान दोन शब्द तरी लागतात. तिथे एकच पुरतो. लोसालीने बोलायला लागल्यापासून दोघींना एकच हाक मारत होती. चौदा वर्षांपूर्वी सेइनी गेल्यावर हाकेला ओ देणारी एक उरली, एवढंच.

बायका गेल्यावर तिने यंत्राला कारण विचारलं. त्याने ओळीने दाखवलं. लोसालीनेची आई सेइनी. लोसालीनेची आई आकानेसी. एका माणसाला एकच आई. म्हणजे सेइनी आणि आकानेसी ही एकाच बाईची दोन नावं. सेइनी वारली, म्हणून आकानेसी वारली.

तर्कात कुठेही खोट नव्हती. खोट होती तिसऱ्या ओळीत. तो नियम परदेशातल्या तयार आराखड्याबरोबर आला होता आणि लोसालीनेने तो तपासलाही नव्हता. इतकं उघड सत्य कोण तपासतं?

"आकानेसीच्या नावापुढे 'आईची बहीण' लिही," शेजारच्या टेबलावरून तिचा सहकारी सेमिसी म्हणाला. "मिनिटाचं काम."

"आपल्यात असं कोण म्हणतं?"

"कोणी नाही. पण नियम बाहेरून आणलास, आता नातंही आण."

तिने लिहून पाहिलं. नावापुढची 'मृत' ही लाल खूण विझली, आकानेसी जिवंत झाली. पण तिच्या नावाखाली 'मुलं' या शब्दापुढे आता रिकामी जागा होती. रिकामं म्हणजे 'नाहीत' नव्हे, 'मला माहीत नाही' एवढंच यंत्र म्हणतं, हे लोसालीनेला पक्कं ठाऊक होतं. तरी तिला तिथे बघवेना. तिने लिहिलेलं पुसलं आणि घरी गेली.

आकानेसी अंगणात केवड्याची वाळलेली पानं सुरीच्या पाठीने ओढून मऊ करत होती.

"मेलेल्या बाईला पाणी दे जरा," ती म्हणाली.

लोसालीनेने पाणी दिलं. "आई, तू माझी कोण म्हणून लिहू?"

"लहानपणी तुझा कान फुटला होता, आठवतं? दवाखान्यात नर्सने विचारलं, हिची आई कोण? आम्ही दोघींनी हात वर केले. मग तिने विचारलं, पोटातून कोणी काढली? तेव्हा सेइनीचा राहिला, मी खाली घेतला." आकानेसीने नवं पान उचललं. "दोन प्रश्न आहेत, बाई. तू एकच विचारत बसलीस, आणि शहाणी म्हणवतेस."

पुढचे तीन दिवस लोसालीने ते एक नातं उसवत बसली. 'जन्म दिला' हे एक नातं झालं, तिथे एकच नाव चालेल. 'आई' हे दुसरं, त्याला संख्येची अट नाही. जन्म देणारी आई असतेच. उलट मात्र धरायचं नाही. आणि आईची बहीण आईच, हे यंत्राने स्वतः ताडायचं.

शनिवारी बायकांसमोर तिने यंत्र पुन्हा चालवलं. नकळत एकमेकींत मिसळून गेलेल्या कितीतरी बायका एकेक करून सुट्या होऊ लागल्या. लोसालीने नावं वाचत गेली.

"ही माझी आई," कोणीतरी म्हणालं.

"माझीही. आणि तुझ्यापेक्षा मला जास्त मारायची."

आकानेसीचं नाव आलं. मुलांपुढे लोसालीने होती, आणि खाली आणखी दोघी बहिणींची चार.

"पाच," आकानेसीने मोजली. "बाळंतपण एक नाही आणि पाच. बरं आहे की हे यंत्र."

आल्यापासून तिच्या काखेत एक गुंडाळी होती. ती तिने आत्ता खाली ठेवली आणि सोडली. जुनी, मऊ पडलेली चटई. मधोमध वीण किंचित बदलत होती, अलीकडे घट्ट, पलीकडे सैल.

"हिच्यापासून सुरू कर," ती म्हणाली. "सैल ती सेइनीची, तिला घाई असायची. घट्ट माझी. नावं दोन लिही. आणि पुन्हा आम्हाला एक करू नकोस."