डाव्या चाकाखालचं लिंबू

घानाचं नाव निघालं की विनयाबाई उठून स्वयंपाकघरात जायच्या, हे ख्राइस्टचर्चमधल्या सगळ्या मराठी गोतावळ्याला पाठ झालं होतं. आणि जगदीशरावांच्या तोंडून घानाचं नाव निघणार नाही असा रविवार कुठला उजाडायला! कुणी चहाला आलं, की झालं सुरू.

"एकोणसाठ साल, बरं का. तो देश नुकता स्वतंत्र झालेला. लष्कर होतं, पण हवाई दल? नावालासुद्धा नाही! मग आपल्या भारतीय हवाई दलातली माणसं गेली. उडायला शिकवायला आपले साहेब, इंजिनं शिकवायला आम्ही सार्जंट लोक. विमानंही आपलीच, बंगलोरची एचटी-टू. तिथल्या राजधानीत, आक्र्यात, शाळा काढली आणि पोरांना अगदी पाना धरण्यापासून शिकवलं!"

"आणि घरी मी ओली बाळंतीण," आतून आवाज यायचा. "काय मिळालं हो त्या दोन वर्षांत? पुढे इंग्रज आले आणि तुमच्या हातात नारळ दिला. आज तिथलं चिटपाखरू तरी ओळखतं का तुम्हांला?"

लेक रांगली, चालली, बोलली, ते काहीच जगदीशरावांनी पाहिलं नव्हतं. परत आले तेव्हा देवयानीने त्यांना बघून भोकाड पसरलं होतं. आता तीच देवयानी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होती आणि म्हातारा-म्हातारी तिच्याकडे राहत होती. बायकोच्या त्या प्रश्नाला एकदा तरी उत्तर द्यावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात देवयानीच्या वॉर्डात घानाचे एक डॉक्टर आले, एबो क्वान्सा. तिने घरी सांगितलं, पण जगदीशराव काही भेटायला गेले नाहीत. "भारतीय? आमच्या हवाई दलात? कधी ऐकलं नाही बुवा," असं तो म्हणाला, तर विनयासमोर तोंड कुठे लपवायचं?

शेवटी एका शनिवारी एबोच दारात हजर. जपानहून आलेली सेकंडहँड कोरोला नुकतीच घेतली होती, ती दाखवायला. विनयाबाईंसकट सगळे पायरीवर आले.

"देवयानी, झाडाची दोन लिंबं देतेस?" त्याने विचारलं.

एक त्याने पुढच्या डाव्या चाकाखाली ठेवलं. दुसरं खिशात टाकलं. गाडी पुढे घेतली, लिंबू फच्च झालं.

जगदीशराव पायरीवरून धडपडत खाली आले. "हे... हे कुणी शिकवलं तुला?"

"वडिलांनी. हवाई दलात मेकॅनिक होते, अगदी पहिल्या बॅचचे. पुढे टाकोराडीच्या स्क्वाड्रनला गेले. नवं विमान आलं की एक लिंबू डाव्या चाकाखाली, एक खिशात. का, ते कुणालाच ठाऊक नाही. रीतच आहे म्हणायचे."

"रीत कसली डोंबलाची!" जगदीशराव मराठीतच ओरडले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "अगं विनया, ट्रंक भरताना तूच म्हणाली नव्हतीस का? 'परका मुलूख आहे, दोन्ही चाकांखाली लिंबू ठेवल्याशिवाय विमान सोडू नका.' म्हणून पहिल्या विमानाला ठेवायला गेलो. डावं ठेवलं आणि तेवढ्यात पाहणीला त्यांच्या लष्करातला एक इंग्रज अधिकारी आला! घाबरून दुसरं घातलं खिशात. पोरं बघत होती. गाढवांना वाटलं, असंच असतं!"

मग हेच त्यांनी एबोला इंग्रजीत सांगितलं. एबो आधी पोट धरधरून हसला, मग एकदम थांबला. त्याने खिशातलं लिंबू काढून दोन्ही हातांनी विनयाबाईंपुढे धरलं. "मग हे तुमचं."

विनयाबाईंनी ते घेतलं, पदराला पुसलं आणि आत निघून गेल्या. जगदीशरावांचा चेहरा पडला. नेहमीसारखीच गेली, झालं!

पण त्या परत आल्या, स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत. नवऱ्यासमोर मांडून त्यावर बसल्या. लिंबू मुठीतच होतं.

"हं, सांगा आता. पहिल्यापासून."

"आई, हजारदा ऐकलंयस तू!" देवयानी म्हणाली.

"ऐकलं कुठे गं? मी तर आतच असायचे."