गाडी डोंगराला घासायची

माझे सासरे बसलिंगप्पा, म्हणजे आमचे अप्पा, एकतीस वर्षं निलंगा आगारात एसटीचे ड्रायव्हर होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीखाली साधं कोंबडंसुद्धा आलं नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला ते अजूनही लग्नाकार्यात शर्टाला लावतात. कौतुक करावं तेवढं थोडं, पण हाच माणूस माझ्या नवऱ्याचा न्यायाधीश होऊन बसला.

वीरभद्र लष्कराच्या रसद-वाहतूक दलात ट्रक चालवायचा. डोंगरातल्या चौक्यांना पीठ, डाळ, रॉकेल पोचवायचं काम. गेल्या मार्गशीर्षात त्याचं शव घेऊन आलेल्या जवानांनी दोनच गोष्टी सांगितल्या: घाटात ब्रेक गेले, गाडी दरीत पडली. बाकी चौकशी चालू आहे म्हणाले. अप्पांना तेवढं पुरलं.

"ब्रेक गेले तर गाडी डोंगराला घासायची. दरीकडं न्हाई. लहानपणापासून सांगत आलो. घाबरला पोरगा."

माती देऊन आल्यावर हे त्यांनी पारावर सांगितलं, आगारात सांगितलं, भेटायला येईल त्याला सांगितलं. गावानं वेशीवर त्याच्या नावाची कमान करायचं काढलं, तर अप्पांनी हात जोडून नको म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण सासऱ्यांपुढे तोंड उघडायची आमच्यात रीत नाही.

परवा दुपारी उदगीरकडचे सुभेदार दयानंद आले. अपघाताच्या दिवशी ते मागच्या गाडीत होते. पंधरा ऑगस्टच्या यादीत वीरभद्रला मरणोत्तर सेना पदक जाहीर झालंय, असं म्हणून त्यांनी कागद पुढे केला. अप्पांनी त्याला हात लावला नाही.

"अपघाताला पदक द्यायलेत का आता?"

सुभेदार आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले.

"तुम्हाला कुणी सांगितलंच न्हाई का, वहिनी? वळणावर डोंगराच्या अंगाला रस्त्याचे मजूर जेवायला बसले होते. चौदा जण, त्यात बायाबी होत्या. वीरभद्रनं जोडीदाराला उडी मार म्हणून सांगितलं, अन् डोंगराकडं घेतलेली गाडी परत दरीकडं फिरवली. मी डोळ्यानं बघितलं."

"डोंगराकडं घेतलेली?" अप्पांनी विचारलं.

"हाव. आधी तिकडंच घेतली होती. मग माणसं दिसली."

अप्पांनी हाच प्रश्न आणखी तीनदा विचारला आणि सुभेदारांनी तीनदा तेच उत्तर दिलं. चहा उतू जात होता तरी मला उठवेना.

"मी समद्यांना सांगत फिरलो," अप्पा शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "तू तरी मला अडवायचं होतंस, दीपमाला. तू त्याची बायको."

मला बोलायचं तर पुष्कळ होतं. आठ महिने साठवलेलं होतं. पण तोंड उघडलं आणि लक्षात आलं, माझा राग अप्पांनी चारचौघांत बोलण्याचा होता. ते बोलतात ते खोटं असेल, असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"मलाबी तसंच वाटलं होतं, अप्पा."

गेल्याच आठवड्यात आमच्या लेकीनं, तनुजानं विचारलं होतं, पप्पांची गाडी कशी पडली. पप्पा घाबरले बाळा, असं मीच तिला सांगितलं होतं. तिची शाळा सुटायला अजून तासभर होता.